कोऱ्या चकत्या

मोठ्या दोन चकत्या कोऱ्या निघाल्या. आधी त्याला वाटलं, वंगण काळं होऊन थर बसलाय, त्याखाली झीज लपली असेल. त्याने रॉकेलमध्ये बुडवलेला टूथब्रश दात्यांच्या फटींमधून पुन्हा एकदा फिरवला, फडक्याने पुसून काढलं आणि दादाच्या सायकलच्या मागच्या चाकाचं ते फ्रीव्हील कामाच्या टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. पाच चकत्यांची उतरंड. लहान तिघींचे दाते झिजून एका अंगाला कलले होते, टोकं बोटाला टोचत होती. त्यांच्यामागच्या दोन मोठ्या, चढाला लागलं की चेन ज्यांच्यावर घ्यायची त्या, नव्याकोऱ्या. कारखान्यातल्या पात्याच्या बारीक रेघासुद्धा दात्यांच्या कडेवर शाबूत होत्या. दादा दर रविवारी मनोऱ्याच्या टेकडीवर सायकलने जायचा. सगळे झोपेत असताना निघायचा आणि घामाने डबडबून परत यायचा, शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडावर एक रिकामं हसू. वहिनींनी "कसा होता चढ?" विचारलं की म्हणायचा, "चढासारखा." हा घरातला ठरलेला विनोद होता, वर्षानुवर्षं चाललेला, आणि त्यावर हसण्याची सगळ्यांना सवय झाली होती. आणि इथे चढाच्या चकत्या तर कोऱ्या होत्या.

झिजलेल्या वस्तूवरून माणूस ओळखणं हा त्याचा धंदाच होता. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे, तो त्यांत प्लास्टर ओतून साचे करायचा आणि त्या साच्यांवर आधी मेणात, मग कायमचे दात बसवायचा. साचा हातात आला की त्याला कळायचं, हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, या बाई आयुष्यभर दोरा दाताने तोडत आल्यात. साच्याचा मालक कधी समोर यायचा नाही आणि तेच बरं होतं, कारण बत्तीशीवरून माणसाची कुंडली मांडणाऱ्या याची, माणूस खरोखर समोर येऊन बसला की बोबडी वळायची. "याला माणसं नकोत, नुसते जबडे द्या," असं दादा चारचौघांत म्हणायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा, तोंड मिटून. पण मनातून त्याला ते पटायचं. तोंड काय वाटेल ते बोलतं, दात मात्र खोटं बोलत नाहीत. आता दादाचे दात त्याच्या तळहातावर होते, थंड, आकाराच्या मानाने जड, आणि ते सांगत होते की हा माणूस कधी चढ चढलाच नाही.

सायकल भिंगरीने आणली होती. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी उलट्या ठेवलेल्या सायकलचं पायडल हाताने गरागरा फिरवत बसायची म्हणून दादानेच ठेवलेलं नाव, ती नोकरीला लागली तरी सुटलं नव्हतं. नोकरी मात्र सुटली होती. सुटली की सोडली, हे तिने कोणाला धड सांगितलं नव्हतं. टायर सपाट झालेली ती सायकल ती गल्लीतून ढकलत घेऊन आली, एका हाताने नुसती सीट धरून, हँडलला बोटही न लावता, सीट इकडे तिकडे कलवत वळणं घेत. दादा अगदी अशीच न्यायचा. खिडकीतून ते बघताना त्याला क्षणभर वाटलं गल्लीत दादाच आलाय, आणि हातातल्या मेणाच्या सुऱ्याने एक सुळा वाकडा झाला.

"काका, ही मला नीट करून दे. चालवायचीय," ती दारातूनच म्हणाली.

"इतकी वर्षं जिन्याखाली पडून होती. आत्ताच काय काढलीस?"

"असंच. घर आवरतेय." मग सीटवरची धूळ बोटाने पुसत, त्याच्याकडे न बघता, "आणि चढाला सोपे गिअर बसव हं. मला मनोऱ्यावर जायचंय. बाबांसारखं."

बाबांसारखं. हा शब्द तिने इतक्या सहज टाकला की त्याला तो उचलताच आला नाही. दादाचा जीव त्या टेकडीवरच गेला होता. खाली येताना, शेवटच्या वळणाला, जिथे रस्त्याच्या कडेला दगडी कठडा आहे तिथे. खडीवरून घसरला, असं सगळे म्हणाले. सगळे म्हणाले म्हणून तोही म्हणाला. पण पोलीस चौकीत सायकल ताब्यात घ्यायला तोच गेला होता. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकलेला, पुढचं चाक वेडंवाकडं झालेलं, अडखळत कसंबसं फिरणारं. ब्रेकची रबरं मात्र जाड, जवळजवळ नवी. ब्रेकची वायर तुटलेली नाही, सैलही नाही. आणि चेन सगळ्यात लहान चकतीवर. उतारावर माणूस पाय थांबवून बसतो, सायकल आपली आपण पळते आणि फ्रीव्हील टिकटिकत राहतं. लहान चकतीवर चेन घेतो तो, ज्याला आहे त्या वेगावर आणखी वेग हवा असतो, जो उतारावरसुद्धा पायडल मारत असतो. हे त्याला तिथेच, चौकीच्या आवारात, उन्हात उभं असताना कळलं होतं. त्याने सायकल टेम्पोत घातली आणि तोंडाला कुलूप लावलं. वहिनींना काय सांगणार? की चेन लहान चकतीवर होती? त्या म्हणाल्या असत्या, म्हणजे काय हो भाऊजी?

आणि पाना. अपघाताच्या काही दिवस आधी दादा त्याच्याकडून नेलेला पाना परत करायला आला होता. दादा आणि नेलेली वस्तू परत करणं! दादाकडे गेलेली छत्री, पुस्तक, टॉर्च, सगळं गंगेला मिळालं असं समजून लोक मोकळे व्हायचे. तोच दादा पाना पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "तुझं तुझ्याकडे असू दे." चहा घेतला, साच्यांच्या फळीकडे बघून नेहमीचा विनोद केला आणि गेला. जाताना जिन्यात शीळ घालत होता. तेव्हा त्याला फक्त बरं वाटलं होतं, दादा हल्ली किती शांत झालाय म्हणून. पुढे भेटायला येणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून एकेक करून कळत गेलं की त्या दिवसांत दादाने बऱ्याच जणांना बऱ्याच वस्तू परत केल्या होत्या. काय व्यवस्थित माणूस होता, असं लोक म्हणायचे आणि डोळे पुसायचे. पाना अजून त्याच्या खणात होता, त्याच कागदात.

म्हणूनच वहिनींचा फोन आला तेव्हा तो उभा होता तो खाली बसला. "भाऊजी, बरं केलंत सायकलचं मनावर घेतलंत," वहिनी म्हणाल्या. "पोरगी जरा मार्गाला लागलीय. इतकी आवराआवर चाललीय, तुम्हाला सांगते, खोली ओळखू येत नाही. गिटार शेजारच्या मुलीला देऊन टाकली. कुंड्या खालच्या आजींकडे पोचवल्या, म्हणाली, त्यांच्याकडे ऊन चांगलं येतं. आणि चिडचिड अगदी थांबलीय हो. किती दिवसांनी घरात शांत वाटतंय." त्याला म्हणायचं होतं, वहिनी, तिला एकटं सोडू नका. त्याला म्हणायचं होतं, वहिनी, पाना आठवतो का तुम्हाला. "वहिनी," तो म्हणाला. "काय हो?" "काही नाही. चिमटा सरळ झालाय." "होऊ दे, होऊ दे सगळं सरळ," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की त्याच्याने पुढे बोलवलं नाही. फोन ठेवल्यावर तो स्वतःवरच चिडला. मग त्याने स्वतःची समजूत घातली, की कुंड्या द्यायला कुंड्यांखेरीज कारण लागत नाही. ती समजूत जेमतेम हात धुऊन होईपर्यंत टिकली.

त्यामुळे त्या कोऱ्या चकत्या दिव्याखाली आल्या तेव्हा भीती वाटता वाटताच त्याच्या मनात दुसरंही काहीतरी सुरू झालं. दादा रविवारी कुठे घाम गाळत होता कोण जाणे, पण टेकडीवर चढत नव्हता. म्हणजे तो चढला एकदाच. त्या एका दिवशी. ती टेकडी त्याने जणू त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. चकत्यांवर त्या एका चढाचा ओरखडा उमटेल न उमटेल. त्याचं डोकं पुढे पळत होतं. वर गेल्याशिवाय खाली येता येत नाही. चढ चढलाच नाही तर उतार कुठला आला? आणि चढ चढायचा म्हणजे पाहिजेत मोठ्या चकत्या. भिंगरीच्या मनात काय आहे हे तिला विचारणं, तिच्या डोळ्यांत बघत, शब्द जुळवत, हे त्याच्या बापजन्मात जमणार नव्हतं. पण चकत्या निवडणं त्याला जमत होतं. सगळा प्रश्नच आता त्याला कळणाऱ्या भाषेत येऊन बसला होता, किती दात्यांची चकती कुठे. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिवात जीव आला.

जुन्या सायकलींचे भाग विकणारा दुकानदार एका लांबट, बोळासारख्या दुकानात बसायचा. भिंतींवर खिळ्यांना फ्रीव्हीलं टांगलेली, लहानमोठी, आणि दारातून वारा आला की ती एकमेकांवर किणकिणायची. त्याने दादाचं फ्रीव्हील काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं, लहान चकत्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे गेलं. यावर नवी चेन घालाल तर जोर लावला की सटकेल. तोंडावर पडाल. बदलायचं तर चेन नि फ्रीव्हील दोन्ही. कोणासाठी आहे?"

"पुतणीसाठी."

"मग सोपं काम. हे न्या." त्याने खिळ्यावरून एक पसरट फ्रीव्हील काढलं, त्याची मागची चकती जवळजवळ बशीएवढी. सोबत चेन ढकलणारा गिअर, लांब हाताचा, एवढी मोठी चकती झेपेल असा. "पोरगी गाणं म्हणत चढेल कुठलाही चढ."

"नको. जुन्या सायकलला शोभेल असं द्या. शर्यतीचं."

"अहो, शोभा काय करायचीय? गुडघे जातील तिचे."

"शर्यतीचंच द्या," तो म्हणाला. आवाज स्वतःलाच परका वाटला. दुकानदाराने खांदे उडवले आणि आतल्या खणातून एक फ्रीव्हील काढलं, आटोपशीर, पाचही चकत्या एकमेकींना खेटून, मोठीसुद्धा लहानच आणि लहान तर दादाच्या लहान चकतीहूनही लहान. गिअर आखूड हाताचा. "घ्या. सपाटीला आणि उताराला बाण आहे बाण. चढाला मात्र आई आठवेल." त्याला यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. मांड्या खांबासारख्या असलेल्या माणसाचीही टेकडीच्या पहिल्या वळणाला शिट्टी गुल होईल, मग भिंगरीचं काय? कंटाळेल, वळेल, घरी येईल. त्याने ते फ्रीव्हील कागदात गुंडाळून घेतलं आणि रस्त्याने येताना खिशावर हात ठेवून चालत राहिला, मध्येच उगीच हसला, आणि एका बाईने त्याच्याकडे वळून बघितलं.

सायकल जोडताना त्याने कशातही कसूर केली नाही. हा त्याचा स्वभाव होता, खोटे दातसुद्धा तो खऱ्यासारखे किंचित वेडेवाकडे लावायचा. नवं पुढचं चाक बसवलं, ब्रेकला नवी रबरं, नव्या वायरी. नवी चेन नव्या दात्यांवर लोण्यासारखी फिरत होती. सायकल स्टँडवर टांगून तो मागचं चाक फिरवून बघत बसायचा. चाक सुटं फिरलं की फ्रीव्हील टिकटिकायचं. बोलतं तेव्हा पायडल थांबलेलं असतं. गप्प होतं तेव्हा एक तर चाक थांबलेलं असतं, नाहीतर कोणीतरी पायडल मारत असतं. लहानपणी दादाने हे त्याला कोडं म्हणून घातलं होतं: ओळख, मी डोळे मिटून कसं सांगतो की सायकल थकलीय की पळतेय? त्याला ते उत्तर आलं नव्हतं. दादा म्हणाला होता, नुसती टिकटिक थांबली तर नाही सांगता येत, वेड्या, वारा ऐकावा लागतो. टांगलेल्या चाकाला वारा नव्हता. खोलीत मेणाचा नि रॉकेलचा वास होता आणि फळीवर प्लास्टरचे जबडे अर्धवट उघडे होते, काहीतरी म्हणता म्हणता थांबल्यासारखे. त्याने ब्रेक पुन्हा एकदा दाबून बघितले. ब्रेक उत्तम लागत होते. दादाचेही लागत होते.

भिंगरी सायकल न्यायला आली तेव्हा तिने केस अगदी कापून टाकले होते. तिने गल्लीत एक चक्कर मारली, शेवटाला छोटासा चढ होता तिथे उभी राहून पायडल मारत परत आली आणि दम खात म्हणाली, "काका, हे अवघड आहे रे."

"सवय होईल."

"सोपं बसव म्हटलं होतं मी."

"जुन्या सायकलला तसलं बसत नाही," तो म्हणाला आणि तिच्या कानाकडे बघत राहिला. टेबलावरचं जुनं फ्रीव्हील उचलून तिने उलटसुलट केलं. "या दोन तर नव्याच आहेत," ती म्हणाली.

"हं. वापरल्याच नाहीत त्याने."

"बाबांनी? पण ते तर..." ती थांबली. कपाळाला आठी घालून बराच वेळ त्या चकत्यांकडे बघत राहिली, दादा बघायचा तशी, आणि मग फ्रीव्हील बॅगेत टाकलं. हीच ती वेळ होती. त्याने घसा खाकरला. "भिंगरी, बरं आहे ना गं सगळं?"

"हो रे. का?"

"नाही, असंच."

"तू पण ना," ती म्हणाली आणि अचानक पुढे होऊन तिने त्याला मिठी मारली. असं तिने लहानपणानंतर कधी केलं नव्हतं. तिच्या कापलेल्या केसांची टोकं त्याच्या हनुवटीला टोचली. ती गेल्यावर तो बराच वेळ दारात उभा राहिला. छान झालं, विचारलं एकदाचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि न विचारताही बंदोबस्त झालेलाच होता.

फोन आला तेव्हा दुपार होती, उतरतीची. तो एका खालच्या जबड्यावर मेण चढवत होता. खांद्याने फोन कानाशी धरून तो म्हणाला, "बोल गं."

"काका, वर पोचले," भिंगरी म्हणाली. तिच्या मागे वारा होता, मोकळ्या जागेचा.

"वर कुठे?"

"मनोऱ्याशी. काय सुंदर दिसतंय रे इथून. आपलं घर नाही दिसत पण."

त्याच्या हातातला सुरा टेबलावर पडला. "कशी पोचलीस?"

"कशी म्हणजे? तुझ्या त्या गिअरवर अर्ध्यातच पाय संपले. मग उतरले नि ढकलत आले." ती हसली, हलकं, दमलेलं. "आणि वाटेत मला कळलं. बाबासुद्धा ढकलतच आणत असणार. दर रविवारी. म्हणून त्या दोन कोऱ्या. किती साधं आहे बघ."

किती साधं. गल्लीतून येणारी ती, एका हातात सीट, त्याला दिसली. तिच्याआधी तसाच येणारा दादा दिसला, शर्ट पाठीला चिकटलेला. सायकल ढकलता येते. तान्ह्या पोरालाही कळलं असतं. फक्त दात बघत बसणाऱ्याच्या डोक्यात ते आलं नाही. म्हणजे दादा दर रविवारी वर जात होता, वर जाऊन उभा राहत होता आणि दर रविवारी सुखरूप खाली येत होता, त्या एका रविवारपर्यंत. आणि आता दुकानदाराचं ते दुसरं वाक्य, इतके दिवस न ऐकलेलं, स्पष्ट ऐकू आलं. उताराला बाण आहे बाण.

"भिंगरी, तिथेच थांब. मी येतो. टॅक्सी करून येतो."

"कशाला? मी येतेच आहे ना खाली." आवाज शांत होता. वहिनी म्हणाल्या होत्या तसाच शांत.

"ढकलत ये. ऐक माझं. ढकलतच ये खाली."

"वेडा आहेस का, उतारावर कोण ढकलतं?" ती म्हणाली. आणि मग, "थांब, फोन सीटखालच्या पिशवीत टाकते. तुझं फ्रीव्हील ऐक. छान वाजतं."

"भिंगरी!" तो ओरडला. त्याला पान्याबद्दल सांगायचं होतं, चौकीतल्या त्या लहान चकतीबद्दल, आणि हे, की कुंड्या परत आण, मला तुझी भीती वाटते, मला तू हवी आहेस. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "ब्रेक धर! ब्रेक धर!" पण फोन पिशवीत गेला होता. कापडाची खसखस झाली, पिशवीची चेन ओढली गेली आणि मग टिकटिक सुरू झाली, सुटी सुटी, नीटस, त्याने स्वतः तेल घालून बसवलेली. तो उभाच होता. मेण थंड होत चाललं होतं. टिकटिक भराभर होत गेली, दाट झाली, मग तिची एक सलग रेघ झाली. वाजतंय तोवर पाय थांबलेले आहेत, वाजतंय तोवर ठीक आहे, असं तो पुटपुटत राहिला, वाज बाबा, वाजत राहा. त्याला त्या रस्त्याची वळणं आठवत होती, एकापाठोपाठ एक, आणि शेवटचं.

टिकटिक थांबली.

थांबली असेल ती. उतरली असेल. त्याने दुसऱ्या कानावर तळहात घट्ट दाबला, डोळे मिटले आणि वारा ऐकला. वारा वाढत होता.